तीन मिनिटं फास्ट, तीन मिनिटं स्लो

जिमची वर्षाची फी भरून दोन महिन्यांत जिमला रामराम ठोकलेल्या मंडळींची यादी काढली, तर आपल्या शहरातल्या निम्म्या ऑफिसांचं हजेरीपत्रक तयार होईल. वाळूजच्या शिफ्टवाले, चिकलठाण्याच्या एमआयडीसीतले, निराला बाजारातले बँकवाले, सगळेच त्यात. कारणंही ठरलेली. वेळ मिळत नाही. बॉस सोडत नाही. गुडघा दुखतो. खरं कारण मात्र कुणी सांगत नाही. लाज वाटते हो! चहूबाजूंनी आरसे, शेजारच्या ट्रेडमिलवर सिक्स पॅकवाला, आणि आपण मधोमध धापा टाकत उभे.

अशा मंडळींसाठी सध्या एक गोळी बाजारात जोरात आहे. तिचं नाव इंटरव्हल. मोबाईल उघडला की कुणीतरी उड्या मारत सांगत असतं, 'चार मिनिटांत फॅट जाळा', 'व्यायाम संपल्यावरही दिवसभर चरबी जळत राहील'. ऐकायला एकदम सही! चार मिनिटं तर आपण लिफ्टची वाट बघण्यातही घालवतो.

आता या इंटरव्हलमध्ये किती खरं आणि किती फेकाफेकी, ते बघू. कारण ज्याच्या अंगावर वीस-पंचवीस किलो जास्तीचे आहेत, त्याच्यासाठी हा नुसता फॅशनचा विषय राहत नाही.

आमचा एक मित्र शहागंजात राहतो. वय 31, वजन 94 किलो, उंची पाच फूट सात इंच. कंपनीच्या मेडिकलमध्ये साखर काठावर निघाली आणि सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी. वडिलांना डायबिटीस, काकांना डायबिटीस, त्यामुळे रिपोर्ट बघून घरात कुणी बोललंच नाही. आईनं फक्त साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. भाऊ दुसऱ्या दिवशी जिममध्ये हजर! ट्रेनरनं पहिल्याच दिवशी बर्पी लावल्या. म्हणजे खाली बसा, मागे पाय फेका, जोर मारा, उठा, उडी मारा, आणि पुन्हा तेच. वीस सेकंद करायचं, दहा सेकंद थांबायचं. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला. चौथ्या दिवसापासून जिम बंद, ती पुढचे आठ महिने.

ट्रेनरचं चुकलं कुठं? वीस सेकंद आणि दहा सेकंदांचा हा हिशोब जपानच्या इझुमी ताबाता यांच्या 1996 सालच्या प्रयोगातून आला. त्यातली माणसं कमावलेल्या शरीराची तरुण पोरं होती, आणि व्यायाम होता खास सायकलवर, म्हणजे उडी नाही, आपट नाही. सहा आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची ताकद आणि जोराच्या कामाची क्षमता दोन्ही वाढल्या. प्रयोग छानच होता. पण तो चरबीवर नव्हताच! चरबीचा पुच्छ त्याला पुढं बाजारानं चिकटवला. 94 किलोच्या माणसानं उड्या मारून तेच करायचं म्हणजे मारुती 800 ला ट्रकचा माल लादण्यासारखं आहे.

तसं इंटरव्हल हे काही कालचं फॅड नाही. स्वीडनच्या गोस्ता होल्मर यांनी 1930 च्या दशकातच धावपटूंना जोरात-हळू, जोरात-हळू असं पळवायला सुरुवात केली होती. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक 400 मीटरचे तुकडे एकामागोमाग एक पळायचा, मध्ये हळू जॉगिंग. लोक त्याला वेडा म्हणायचे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यानं पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन, तिन्हीत सोनं घेतलं. हो, तीच हेलसिंकी, जिथं आपल्या कराडकडच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं. आणि खाशाबांच्या तालमीतलं काय वेगळं होतं? जोर-बैठकांची एक खेप, दम खाणं, पुन्हा खेप. आपल्या आखाड्यांनी त्याला इंग्रजी नाव दिलं नाही, एवढंच.

चरबी जाते कुठं?

हा प्रश्न ऑफिसात विचारून बघा. कुणी म्हणेल घामातून, कुणी म्हणेल तिचे मसल होतात, कुणी म्हणेल 'हीट होऊन जळते'. म्हणूनच तर पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळणारे दिसतात. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी याचा साधा रसायनशास्त्राचा हिशोब मांडला. दहा किलो चरबी शरीरातून गेली, तर त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. म्हणजे ढेरी जाते ती मुख्यतः नाकातोंडातून! घाम येतो तो अंग थंड ठेवायला. आपल्याकडच्या मे महिन्यात नुसतं खुर्चीत बसूनही शर्ट भिजतो, म्हणून काय वजन उतरतं?

आता त्या ट्रेडमिलवरच्या 'फॅट बर्निंग झोन'चं बघू. हळू चालताना शरीर इंधनातला मोठा वाटा चरबीतून घेतं आणि वेग वाढला की साखरेकडे वळतं, हे खरं आहे. पण वाटा मोठा म्हणजे रक्कम मोठी असं नाही. शंभर रुपयांतले साठ आणि दोनशेतले ऐंशी, यात जास्त कुठले ते तुम्हीच सांगा. उलट टोकाचा गैरसमज इंटरव्हलवाल्यांचा. त्यांना वाटतं, जोराच्या त्या मिनिटात चरबी धडाधड जळते. अजिबात नाही. त्या मिनिटात प्रामुख्यानं साखरच जळते.

मग फायदा कुठला? तो हळूहळू येतो. स्नायूंच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या छोट्या भट्ट्या असतात. चरबी जळायची ती तिथंच. जोरात-हळूच्या व्यायामानं या भट्ट्या वाढतात, तरबेज होतात. कॅनडातल्या 2007 च्या एका प्रयोगात आठ तरुणींनी दोन आठवड्यांत सात वेळा इंटरव्हल केलं. चार मिनिटं जोरात सायकल, दोन मिनिटं आराम, असे दहा फेरे. नंतर त्यांना एक तास मध्यम वेगानं सायकल चालवायला लावलं, तर त्या तासाभरात जळालेली चरबी आधीपेक्षा 36 टक्क्यांनी जास्त भरली. म्हणजे इंटरव्हल तुम्हाला चरबी जाळणारं यंत्र बनवतं. मात्र यंत्र बनलं म्हणून साठा आपोआप संपतो, असं नव्हे. पुन्हा त्या तरुणी मुळात चालत्या-फिरत्या होत्या, लठ्ठ नव्हत्या.

लठ्ठ माणसांचं काय? 2017 साली जास्त वजनाच्या मोठ्या माणसांवर झालेले तेरा प्रयोग एकत्र करून पाहिले गेले. निकाल ऐकून जाहिरातवाल्यांचं तोंड उतरावं असा होता. चरबी आणि कंबर, दोन्ही बाबतींत इंटरव्हल आणि सरळ एका चालीचा व्यायाम जवळपास सारखेच. फरक होता तो वेळेत. तेवढाच परिणाम इंटरव्हलनं सुमारे 40 टक्के कमी वेळात मिळाला. म्हणजे 45 मिनिटांचं काम 27 मिनिटांत. आता वाळूजहून रात्री आठला घरी पोचणाऱ्या माणसाला ही अठरा मिनिटं म्हणजे काय चीज आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि ते 'आफ्टरबर्न'? व्यायाम संपल्यावर दिवसभर कॅलरी जळत राहतात म्हणतात ते? जळतात, पण चिल्लर. व्यायामात जेवढा खर्च झाला, त्याच्या साधारण 6 ते 15 टक्के. तीनशे कॅलरी घालवल्या तर वर अठरा ते पंचेचाळीस. अर्धा कप गोड चहा धरा फार तर.

चालण्याचं इंटरव्हल

माझ्या मते लठ्ठ माणसाला या सगळ्यातली खरी कामाची गोष्ट जपानातल्याच दुसऱ्या एका गावात सापडते. मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठातल्या मंडळींनी पन्नाशी-साठीच्या लोकांसाठी एक साधा फंडा काढला. तीन मिनिटं फास्ट चाला, तीन मिनिटं रमतगमत. असे पाच फेरे. आठवड्यातून चार दिवस. पळणं नाही, उडी नाही, जिमची फी नाही. 2007 साली त्यांचा पाच महिन्यांचा निकाल छापून आला. पायांची ताकद वाढली, दम वाढला, ब्लडप्रेशर उतरलं. नुसतं रोज एका चालीनं चालणाऱ्यांना एवढा फायदा दिसला नाही.

पुढं 2013 मध्ये डेन्मार्कमध्ये टाइप टू डायबिटीसच्या लोकांवर हेच करून पाहिलं. एक गट सरळ चालला, दुसरा तीन-तीन मिनिटांनी वेग बदलत. दिवसाला एक तास, आठवड्यातून पाच दिवस, चार महिने. दोन्ही गटांची खर्च झालेली ऊर्जा सारखी राहील अशी काळजी घेतलेली. तरी वेग बदलणाऱ्यांचं वजन सरासरी चार किलोंहून जास्त उतरलं, पोटाच्या आतली चरबी कमी झाली, दम सुमारे 16 टक्क्यांनी वाढला. सरळ चालणारे होते तिथंच राहिले. गट लहान होते, त्यामुळे यावरून कुणी ढोल वाजवू नये. पण धोका इतका कमी आणि खर्च शून्य, तर करून बघायला काय हरकत आहे?

पोटाच्या आतल्या चरबीचा मुद्दा आपल्यासाठी जरा जास्तच महत्त्वाचा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली लंडनचे जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच दोन फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. दोघंही दिसायला सडपातळ. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के! भारतीय माणूस बारीक दिसतो पण आतून चरबीदार असतो, हे एवढ्या सोप्या रीतीनं आधी कुणी दाखवलं नव्हतं. म्हणून तर आपल्याकडे वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेप बघायचा. पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या वर आणि बायकांची 80 च्या वर गेली, की लाल दिवा. टेप बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, आणि पोट आत न ओढता. (हो, फोटोसाठी ओढता तसं नाही.)

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला सांगितलंच आहे की. सांगितलंय, आणि त्यांच्यामुळे मराठवाड्यात पहाटे रस्त्यावर किती लोक उतरले ते आपण पाहिलंय. पण साडेचार किलोमीटर पाऊण तासात म्हणजे ताशी सहा किलोमीटर. 94 किलोच्या, वर्षभर खुर्चीत बसलेल्या माणसाला हा वेग सलग झेपत नाही. मग तो पहिल्या आठवड्यात हिरमुसतो. तुकडे पाडले की तोच वेग तीन मिनिटं निघतो. इंटरव्हलचं लठ्ठ माणसाशी जमतं ते इथं. दमल्यावर थांबणं ही हार राहत नाही, तो टाइमटेबलचाच भाग होतो.

शहागंज ते गुलमंडी

तर आमच्या मित्रानं काय केलं? शहागंजात जॉगिंग ट्रॅक कुठला आणायचा? संध्याकाळी सातला तिथं चालायला गेलात तर फळांचे गाडे, रिक्षा, खरेदीच्या पिशव्या आणि मागून हॉर्न. तीन मिनिटं फास्ट सोडा, तीन पावलं फास्ट जमत नाहीत. पण सकाळी सहाला याच रस्त्यांचं रूप वेगळं असतं. शटर खाली, भाजीवाले नुकते माल उतरवत असतात, आणि चमनपासून सराफ्याकडे जाणारा रस्ता चक्क मोकळा!

त्यानं चमनाजवळच्या घड्याळापाशी सुरुवात ठेवली. मध्यंतरी बंद पडलेल्या त्या जुन्या घड्याळाची स्मार्ट सिटीच्या कामात डागडुजी झालीय, पण हा टायमर मोबाईलचाच लावतो. पहिली पाच मिनिटं नुसतं रमतगमत, सांधे गरम व्हायला. मग सराफा, सिटी चौक, मछली खडक, गुलमंडी, आणि परत. पहिले दोन आठवडे एक मिनिट फास्ट, दोन मिनिटं स्लो, असे आठ फेरे. तिसऱ्या आठवड्यापासून दोन-दोन. पाचव्यापासून तीन-तीन. शेवटी पाच मिनिटं पुन्हा हळू. सगळं मिळून चाळीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. पहिल्या आठवड्यात एका चहावाल्यानं विचारलं, 'कायकू इत्ता भाग रहे भाई, बस छूटी क्या?' दुसऱ्या आठवड्यात तोच सांगू लागला, 'आज स्लो हो गए!'

फास्ट म्हणजे किती फास्ट? यासाठी महागडं घड्याळ नको. स्लोमध्ये फोनवर आरामात गप्पा मारता आल्या पाहिजेत. फास्टमध्ये तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर तुम्ही फास्ट नाही. बोलताच येत नसेल तर जास्त फास्ट आहात, उतरा खाली. शेजारून सत्तरीचे काका तुम्हाला मागे टाकून गेले तरी चालेल. तुमचा फास्ट तुमच्या हृदयाला विचारायचा, काकांच्या पायांना नाही. वजन जास्त असलं की साधी चालसुद्धा हृदयाला भरपूर काम देते, त्यामुळे तुमचं इंटरव्हल दिसायला अगदीच मिळमिळीत असू शकतं. दिसू द्या.

गुडघ्याचं म्हणाल, तर एक आकडा डोक्यात ठेवा. गुडघेदुखी असलेल्या जाड माणसांवर अमेरिकेत झालेल्या 2005 च्या अभ्यासात दिसलं, की वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. म्हणून सुरुवातीला उड्या नकोत, जिने धावत उतरणं नको, आणि ऑफिसचे सपाट बूट घालून तर मुळीच नको. चालूनही गुडघा दुखला तर तेच तीन-तीन मिनिटं घरच्या जुन्या सायकलवर किंवा पाण्यात चालून करता येतं.

आणि हे गंमतीत सांगत नाहीये. छातीत दुखणं, चालताना डावा हात किंवा जबडा भरून येणं, डोळ्यांपुढं अंधारी, यातलं काही होत असेल तर टायमर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. घाटी हॉस्पिटल शहागंजपासून काही लांब नाही. चाळिशी ओलांडली असेल, ब्लडप्रेशर किंवा साखर असेल, तर सुरू करण्याआधीच एकदा दाखवून घ्या. साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात गोळी-बिस्कीट हवंच, कारण फास्ट चालल्यावर स्नायू रक्तातली साखर भराभरा ओढून घेतात.

तीन महिन्यांत मित्राचं वजन किती उतरलं? साडेतीन किलो. ऐकून तुमचा चेहरा पडला ना? त्याचाही पडला होता. पण हिशोब करा. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी. 90 किलोच्या माणसाच्या चाळीस मिनिटांच्या अशा चालीत तीनशेच्या आसपास जातात. म्हणजे नुसत्या चालण्यावर एक किलो उतरवायला पंचवीसेक दिवसांची चाल लागते, आणि तो तर आठवड्यातून चारच दिवस चालतो. आणि परतीच्या वाटेवर गुलमंडीची इमरती असते! गरम दोन खाल्ल्या की सकाळ पाण्यात. उरलेली बाजी जेवणाच्या ताटातच मारावी लागते. त्यानं रात्रीचा भात निम्मा केला, ऑफिसातला दुपारचा समोसा सोडला आणि नान-खलिया महिन्यातून एकदाच, तोही दोस्तांच्या बिलावर.

पण पट्टा दोन भोकं आत गेला. काट्यावर साडेतीन किलो आणि पट्ट्याला दोन भोकं, ही विसंगती नाही. पोटाच्या आतली चरबी व्यायामाला लवकर ऐकते, काट्याला ते उशिरा कळतं. सिटी चौकातून घरापर्यंत पूर्वी तो दोनदा थांबायचा, आता आईची भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढतो. साखरेचा रिपोर्ट पुढच्या महिन्यात आहे. डबा अजून वरच्याच फळीवर आहे.

मार्चनंतर करणार असाल तर सहाऐवजी साडेपाचला निघा, निघण्याआधी एक ग्लास पाणी प्या. पावसाळ्यात मछली खडकच्या उतारावर जरा बेतानं. आणि आठवड्याचे चार दिवस सलग ठेवू नका, मध्ये एखादा दिवस सोडा. त्या मोकळ्या दिवशी उठावंसं वाटलंच, तर चमनात नुसते बसून या.